कॅम्पर व्हॅनच्या वायरिंगमधले गूढ फॉल्ट: बेळगाव परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी ट्रॅव्हलर किंवा विंगर घ्यायची, सीटा काढून मागे पलंग, ओटा आणि फ्रिज बसवायचा आणि शनिवारी आंबोली नाहीतर चोर्ल्याची वाट धरायची, हे वेड निपाणीपासून खानापुरापर्यंत चांगलंच पसरलंय. सुतारकाम सुरेख झालेलं असतं. वायरिंग मात्र निम्मं गाडीच्या इलेक्ट्रिशियनने केलेलं, निम्मं घरच्या वायरमनने, आणि उरलेलं मालकाने स्वतः रात्री मोबाईलच्या उजेडात. माझी गाडी मी अशीच केली आणि दोन पावसाळे तिचे फॉल्ट शोधत घालवले. तेव्हापासून फोन येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

१. गाडीत वायरिंग नेमकं किती प्रकारचं असतं? मला सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.

तीन प्रकारचं. पहिलं गाडीचं मूळ १२ व्होल्टचं: सेल्फ, हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर. दुसरं मागच्या घराचं १२ व्होल्टचं: वेगळी बॅटरी, एलईडी दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फ्रिज. तिसरं २३० व्होल्टचं, इन्व्हर्टरमधून किंवा बाहेरच्या प्लगमधून येणारं. पहिल्या दोघांत चूक झाली तर वायर जळते. तिसऱ्यात चूक झाली तर माणूस जातो. म्हणून या पानावरचं १२ व्होल्टचं काम ज्याला हात वळतो त्याने करावं. २३० व्होल्टचं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. (प्रश्न १३ आणि १४ आधी वाचले तरी चालतील.)

२. फॉल्ट शोधायला काय काय लागतं? भारी मीटर घ्यायला हवं काय?

नको. साधा डिजिटल मल्टीमीटर, होल्डरमध्ये बसवलेला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे. एवढ्यावर दहातले आठ फॉल्ट सापडतात. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर तो डीसी करंट मोजतो का ते विचारून घ्या. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. बॅटरीच्या केबलला ते लावले की शून्य दाखवतात आणि मालक समजतो, करंट जातच नाही.

घरात वापरतो तो निऑनचा टेस्टर १२ व्होल्टवर पेटत नाही. "टेस्टर पेटला नाही म्हणजे सप्लाय नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

३. गाडी सेकंडहँड घेतली. वायरींच्या रंगाला काही ताळतंत्र नाही. कुठली वायर कुठे जाते ते कसं ओळखायचं?

रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला नियम. लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस असं गृहीत धरून एका मित्राने काळी वायर सरळ पत्र्याला बोल्ट केली. ती पंपाची प्लस निघाली. आधीच्या माणसाकडची लाल वायर संपली होती, एवढंच.

एक एक फ्यूज काढा आणि काय काय बंद पडलं ते वहीत लिहा. एक फ्यूज काढल्यावर काहीच बंद पडत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. गूढ वायर बहुतेक तीच असते. दिसणाऱ्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या टेपवर एकच आकडा लिहा. गाडीचा नकाशा काढायला एक अख्खा रविवार जातो. न काढता फॉल्ट शोधायला चार जातात.

आपल्याकडची खास गोष्ट: फ्यूज बॉक्सवर कानडीतली नावं लिहिलेली सापडतात, कधी कधी देवनागरीत. "मुंदे" म्हणजे पुढे, "हिंदे" म्हणजे मागे, "एड" डावं, "बल" उजवं. पुण्याहून आलेल्या एकाला "मुंदे" हे वायरमनचं आडनाव वाटलं आणि तो त्याचा नंबर शोधत बसला होता.

४. बॅटरी खराब झाली की वायरिंग खराब आहे, हे आधी कसं ठरवायचं?

नवी बॅटरी आणण्याआधी मोजा. लेड-ॲसिड बॅटरीला दोन-तीन तास ना चार्ज, ना लोड, असं ठेवून मीटर लावा. १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग दिवे, पंखा, पंप एकदम चालू करा. व्होल्टेज थोडं उतरून थांबलं तर ठीक. भरलेली बॅटरी मिनिटाभरात ११ च्या खाली घसरली तर ती थकली आहे.

लिथियम (एलएफपी) बॅटरीला हा हिशेब लागू नाही. ती बराच काळ १३.२ च्या आसपासच राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तिथे बॅटरीच्या मायनस केबलमध्ये बसणारा, आत गेलेले आणि बाहेर पडलेले अँपिअर-तास मोजणारा शंटचा मीटरच हवा.

मोजताना प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. खांबावर १२.६ आणि क्लॅम्पवर ११.८ दिसलं तर बॅटरी निर्दोष आहे, क्लॅम्प घाण आहे. सँडपेपर पाच रुपयाचा.

५. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, पंप लावला की आतले दिवे मिणमिणतात. एका जागी बटण, दुसऱ्या जागी परिणाम. हे काय भूत?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं दिसलं की नव्याण्णव टक्के दोष अर्थिंगचा, म्हणजे मायनसच्या पत्र्याशी असलेल्या जोडणीचा. १२ व्होल्टच्या गाडीत मायनससाठी पत्राच वापरतात. पत्र्याला बसवलेला एखादा बोल्ट गंजला, रंगावरूनच आवळला किंवा सैल झाला, तर करंटला घरी जायचा रस्ता मिळत नाही. मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा फिरून जातो. म्हणून ब्रेकचा करंट इंडिकेटरमधून वाट काढतो आणि दोघेही अर्धवट पेटतात.

तपासणी सोपी आहे, पण कुणी करत नाही. ज्या दिव्याची तक्रार आहे तो चालू ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल प्रोब त्या दिव्याच्या अर्थ बोल्टवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज परतीच्या रस्त्यातच मरतंय. प्रोब बोल्टवरून लगवर (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी), लगवरून वायरीवर सरकवत न्या. आकडा जिथे उडी मारतो तिथे दोष.

मीटर नसेल तर जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरी मायनसला, दुसरं त्या पत्र्याला. दिवे लख्ख झाले तर निकाल लागला.

दुरुस्ती: बोल्ट काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, टिनचा मुलामा दिलेला लग लावा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस फासा. मागच्या घराच्या सगळ्या मायनस वायरी एका जाड पट्टीवर आणून तिथून एकच जाड केबल बॅटरीकडे नेली, तर हा आजार पुन्हा फारसा होत नाही. लाकडी पॅनेलिंगच्या स्क्रूला अर्थ देणारे लोकही मी पाहिलेत.

एक अपवाद. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवर छोटा सेन्सर असतो. तिथे जादा लोडची मायनस थेट खांबाला जोडू नका, पत्र्याला जोडा. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला तो करंट दिसत नाही आणि त्याचा हिशेब चुकतो.

६. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फच मारत नाही. बॅटरी बदलली, तरी तेच. करंट कुठे जातोय बघायचं कसं?

आधी गणित. गाडी बंद असताना घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून २० ते ५० मिलिअँपिअर जातात. हे चालायचंच. पण अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास झाले. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. चौथ्या दिवशी सकाळी थंडीत सेल्फ "कट् कट्" करणारच.

बॅटरीची मायनस केबल काढा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून केबल आणि खांब यांच्या मध्ये जोडा. दारं बंद करा, बॉनेटचा दिवा असेल तर त्याचं बटण दाबून ठेवा आणि निदान अर्धा तास थांबा. कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतो. लगेच मोजून "दोन अँपिअर जातोय" म्हणून घाबरणारे फोन दर आठवड्याला येतात. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

आकडा जास्तच राहिला तर एक एक फ्यूज काढत जा. ज्याच्याने आकडा धाडकन पडेल ते सर्किट. फ्यूज काढल्याने एखादा मॉड्यूल जागा होत असेल तर फ्यूज जागेवरच ठेवा आणि त्याच्या माथ्यावरच्या दोन ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टमध्ये लावा. शून्य नसेल तर त्यातून करंट वाहतोय.

आपल्या भागातल्या गाड्यांत सापडणारे चोर साधारण ठरलेले. पहिला बाहेरून बसवलेला स्टिरिओ. त्याची पिवळी वायर कायमच्या सप्लायला आणि लाल चावीच्या सप्लायला जायची. दोन्ही एकत्र पिळलेल्या असल्या की तो रात्रभर अर्धा जागा. दुसरा कायम प्लसवर असलेले यूएसबी चार्जर. तिसरा "बंद" असलेला इन्व्हर्टर. रिमोटने बंद केला तरी काही इन्व्हर्टर थोडा करंट ओढतच राहतात, तिथे सप्लाय पूर्ण तोडणारा जाड आयसोलेटर स्विच हवा. चौथा जीपीएस ट्रॅकर. गाडी पूर्वी ट्रॅव्हल्सला असेल तर मालक बदलतो, ट्रॅकर मात्र डॅशबोर्डच्या मागे इमानेइतबारे काम करत राहतो.

हे सगळं स्वच्छ निघालं, तरी बॅटरी उतरते? मग प्रश्न ९ बघा. ती कदाचित भरतच नसेल.

७. एकच फ्यूज सारखा उडतो. दहाच्या जागी वीसचा घातला तर चालेल की?

नाही. फ्यूज वायरीला वाचवतो, पंपाला किंवा दिव्याला नाही. दीड चौरस मिमीच्या वायरीला तीसचा फ्यूज लावला की वायरच फ्यूज होते, आणि ती तुमच्या पलंगाखालून, फोमच्या आतून जात असते. रंग लक्षात ठेवा: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटेल आणि करंटही मर्यादेत राहील. आता त्या सर्किटवरची उपकरणं एक एक काढा, वायर हलवा, पॅनेल दाबा. बल्ब विझला की तिथेच थांबा. बहुतेक वेळा पत्र्याच्या भोकातून ग्रोमेट (रबरी कडं) न लावता ओढलेली वायर असते, नाहीतर सुताराने पॅनेल ठोकताना स्क्रू तिच्यातून गेलेला असतो. सुताराला दोष देऊ नका. त्याला वायर कुठे आहे ते कुणी सांगितलेलं नसतं.

८. फ्यूज उडत नाही, पण जळका वास येतो आणि एक जोड हाताला गरम लागतो.

हा शॉर्टपेक्षा फसवा. सैल जोडात करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. म्हणून फ्यूजला काही कळत नाही आणि उष्णता मात्र त्या एका ठिकाणी साठते. पिळा मारून वरून टेप गुंडाळलेला जोड हे याचं घर. चिकोडी-अथणीच्या एप्रिलमधल्या उन्हात टेपचा डिंक पाघळतो आणि टेप सुटतो. असे जोड कापा. क्रिम्पिंगच्या पकडीने लग किंवा स्लीव्ह दाबा आणि वरून आकसणारी नळी चढवा. दातांनी किंवा साध्या पकडीने चेपलेला लग म्हणजे क्रिम्प नव्हे. ओढून बघा, निघाला तर निघू द्या.

वायर सोलून चाकूने खरवडून पण बघा. आत चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची. तांब्याच्या हिशेबाने ती वापरता येत नाही.

९. दोनशे किलोमीटर चालवली तरी मागची बॅटरी भरत नाही.

इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्यांवर मीटर लावा. पुढे १४ च्या आसपास आणि मागे १२.४ असेल तर मधला रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच), फ्यूज किंवा केबल यांत दोष. रिलेचे पाय: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० आत, ८७ बाहेर. "टक्" आवाज आला म्हणजे कॉइल चालली. आतले संपर्क जळलेले असू शकतात, म्हणून ३० आणि ८७ मधलं व्होल्टेज लोडवर मोजा. जवळजवळ शून्य हवं.

पुढेच १२.६ ते १३ दिसत असेल आणि गाडी नवीन असेल, तर तो फॉल्टच असेल असं नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींमध्ये इंधन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तिथे साधा रिले उपयोगाचा नाही, पुढचं व्होल्टेज कमी असलं तरी मागच्या बॅटरीला हवं तेवढं देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. लिथियम बॅटरीलाही तोच बरा. कमी रोधाची ती बॅटरी थेट जोडली तर अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते आणि तवंदी घाट चढताना अल्टरनेटर भाजून निघतो.

१०. फ्रिज सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. बॅटरी तर फुल्ल दाखवते.

बॅटरीवर नाही, फ्रिजच्या प्लगवर मोजा, तेही तो सुरू होत असताना. बॅटरीपासून फ्रिज ६ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर झाली. दीड चौरस मिमीच्या वायरीचा रोध साधारण ०.१४ ओहम. ५ अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट दुप्पट झाला तर १.४ व्होल्ट. मग १२ चे १०.६ उरतात आणि फ्रिजचं कमी व्होल्टेजचं संरक्षण त्याला बंद करतं. चार चौरस मिमीची वायर टाका, तोटा एक-तृतीयांशाच्या जवळ येतो. सिगरेट लायटरचा सॉकेट काढून पक्का कनेक्टर लावा. त्या सॉकेटमधली स्प्रिंग निम्म्या तक्रारींचं मूळ आहे.

इन्व्हर्टर मिक्सर लावला की किंचाळतो, ते पण हेच. १००० वॅटला १२ व्होल्टच्या बाजूला जवळजवळ ९५ अँपिअर लागतात. तिथे केबल आखूड आणि अंगठ्याएवढी जाड हवी.

११. जूनमध्ये फॉल्ट येतात आणि दिवाळीत आपोआप जातात. असं कसं?

कणकुंबी-जांबोटीकडे पावसात चार दिवस गाडी उभी करून बघा, कळेल. टपावरून सोलरच्या वायरी ज्या भोकातून आत येतात तिथे पाणी वायरीला धरूनच आत चालत येतं. आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळतो. कपलर (वायरी जोडणारे प्लग) उघडून बघा: पितळी पायांवर हिरवा थर असेल तर स्प्रेने आणि ब्रशने साफ करा आणि वाळल्यावर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. मागच्या दिव्यांचे होल्डर तर पहिले. उन्हाळ्यात आत बसलेल्या लाल धुळीला पावसात ओल लागली की तिच्यातूनही थोडा करंट झिरपतो.

सोलर पावसाळ्यात चालत नाही ही तक्रार वेगळी. १०० वॅटचं पॅनेल कडक उन्हात पाचेक अँपिअर देतं, गच्च ढगांत अर्धा-एक. तो फॉल्ट नाही, आषाढ आहे. कंट्रोलर काढायचा झाल्यास आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी.

१२. गॅरेजमध्ये नेली की सगळं चालतं, घाटातल्या खड्ड्यात पुन्हा बंद.

गॅरेजमध्ये गाडी हलत नाही म्हणून. कुणाला तरी मागे बसवा, सर्किट चालू करा आणि वायरीची जुडी हात-हातभर अंतरावर हलवत जा. मीटरचा बजर किंवा टेस्ट बल्ब जोडून ठेवा. दार उघडताना दुमडणारी जुडी, सीटखालचा कपलर आणि फ्यूज होल्डरचे सैल झालेले पाय या तीन जागा आधी. चोर्ल्याच्या रस्त्याने एका बाजूचे स्क्रू तरी सैल होतातच. वर्षातून एकदा सगळे टर्मिनल आवळा.

वायर तुटलेली नसून कुरतडलेली निघाली, तर उंदीर. उसाच्या फडाजवळ गाडी लावणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. डांबरगोळ्यांचा उपयोग मला तरी दिसला नाही. इंजिनकडून केबिनमध्ये येणारी भोकं बारीक जाळीने बुजवली, ते लागू पडलं.

१३. सौंदत्तीला बाहेरून प्लग घेतला आणि गाडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. चप्पल घातली की येत नाहीत. चालेल काय?

अजिबात नाही. आधी बाहेरच्या टोकाचा प्लग काढा, मग पुढे वाचा.

झिणझिण्यांची दोन कारणं असू शकतात. चार्जरमधल्या फिल्टरमधून येणारा थोडासा करंट, ज्याला अर्थ तुटल्यामुळे जायला वाट नाही. किंवा खरोखर फेज पत्र्याला लागलेली. हाताला दोन्ही सारखेच वाटतात. ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस असला तर दुसरं कारण जिवावर बेततं.

ज्या सॉकेटमधून घेणार तिथे आधी मोजा, कोरड्या जागी उभं राहून, चांगल्या प्रोबने. फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ काही मोजके व्होल्ट. फेज-अर्थ भलताच कमी आला तर तिथे अर्थ नाही, तीन भोकं असली तरी. यात्रेतल्या मंडपाच्या जनरेटरला किंवा शेतातल्या मोटारीच्या पेटीला अर्थ असेलच असं धरून चालू नका. थ्री-पिनला टू-पिनचा ॲडॉप्टर लावून "जमवलं" तर अर्थ तुम्हीच तोडलात. तसा प्लग घ्यायचाच नाही, ती रात्र बॅटरीवर काढायची.

गाडीत आत येताच ३० मिलिअँपिअरचा, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा आरसीसीबी (करंट गळू लागला की सप्लाय तोडणारा स्विच) हवा, आणि अर्थची वायर पत्र्याला पक्की जोडलेली.

१४. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की पडतो. म्हणजे इन्व्हर्टरवर पण सुरक्षित?

तसं नाही, आणि हे भल्या भल्या वायरमनच्या लक्षात येत नाही. ते बटण आतल्या आत एका रोधातून असमतोल तयार करतं, त्याला अर्थची गरजच नाही. कित्येक छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं असतं, कुठलंच टोक अर्थला नसतं. तिथे बटणाने आरसीसीबी पडेल, पण खऱ्या फॉल्टला पडेलच असं नाही. न्यूट्रल अर्थला जोडायचा की नाही हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काहींमध्ये जोडला तर इन्व्हर्टर जळतो. पुस्तिका घेऊन इलेक्ट्रिशियनकडे जा. बाहेरचा प्लग आणि इन्व्हर्टर एकाच वेळी एकाच लाइनवर येऊ नयेत म्हणून चेंजओव्हर स्विचही त्याच फेरीत बसवून घ्या.

१५. लिथियम बॅटरी अचानक शून्य व्होल्ट दाखवते. मेली काय?

बहुतेक झोपली. आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) जादा करंट, कमी व्होल्टेज किंवा उष्णता बघून आउटपुट तोडलं. सगळे लोड काढा, लिथियमचा चार्जर लावा. काही बॅटऱ्या त्यानेच जाग्या होतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर कारण शोधा: इन्व्हर्टर चालू करतानाचा झटका हा पहिला संशयित.

१६. सगळं केलं, तरी सापडत नाही. आता?

मागच्या घराची सगळी सर्किटं सोडवा, पट्टीवर एकही वायर ठेवू नका. मग एक जोडा, एक दिवस वापरा, दुसरं जोडा. कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही. इलेक्ट्रिशियनकडे नेणार असाल तर प्रश्न ३ मधली वही आणि मोजलेले आकडे सोबत न्या. "कधी कधी बंद पडतं" एवढंच सांगितलं तर तो बिचारा बॅटरीच बदलणार.

माझ्या गाडीत याच पद्धतीने अकराव्या दिवशी एक हिरवी वायर सापडली. पलंगाखालून निघून टपापर्यंत गेलेली, फ्यूज नसलेली, टोक कापून तसंच सोडलेलं. गाडी पूर्वी लग्नाच्या वऱ्हाडाला जायची. टपावर रोषणाईची पाटी असायची, असं आधीच्या मालकाने फोनवर सांगितलं. पाटी केव्हाच गेली होती. वायरीत १२.६ व्होल्ट होते.